अनुभव धागा: ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणण्याआधी

गोव्यात हॉटेल, फार्मा, गोदी, बँक, सरकारी खातं, कुठेही माणसं सांभाळणाऱ्यांनी लिहा. किस्से नकोत. काय केलं की फरक पडतो आणि कुठे फसतं, एवढंच.

कळंगुट_हाऊसकीपिंग:
ऑक्टोबर ते मार्च सीझन. सुरुवातीला अर्धी टीम नवी असते. मानसशास्त्रज्ञ टकमन यांनी 1965 मध्ये टीमचे टप्पे मांडले: जुळणं, भांडणं, घडी बसणं, मग काम. यातला भांडणाचा टप्पा नेमका डिसेंबरच्या गर्दीत आला तर हाल होतात, म्हणून माणसं सप्टेंबरातच घ्यावीत.

खरं भांडण मात्र रूम वाटपावरून होतं. पाळीला चौदा रूम म्हटल्या की सगळ्यांना सारखं वाटतं. पण राहत्या पाहुण्याची रूम वीस-पंचवीस मिनिटांत होते आणि चेकआउटची, म्हणजे पाहुणा सोडून गेलेली, चाळीस-पंचेचाळीस घेते. सुपरवायझर घाईत सगळे चेकआउट हात चालणाऱ्या माणसाला देतो. चांगलं काम म्हणजे जास्त काम, हे त्याला महिन्याभरात कळतं आणि तोही हात आखडतो. मग आपण म्हणतो, बिघडला. एक चेकआउट दोन रूम धरा आणि वाटपाचा कागद सर्वांना दिसेल असा पॅन्ट्रीत लावा. नव्याला पहिल्या आठवड्यात आठच रूम, तेही जुन्या माणसाच्या जोडीने. एकदम चौदा दिल्या तर तो बाथरूमचे कोपरे सोडतो, रूम परत येते आणि ‘कामचोर’ हा शिक्का कायमचा बसतो.

वेर्णा_ब्लिस्टर_लाइन:
आमच्या गोळ्या पाकीटबंद करणाऱ्या लाइनवर महिनाभर एकही डेव्हिएशन (ठरल्या पद्धतीपासून झालेली चूक) नोंदलं गेलं नाही की मॅनेजर खूश होतो. खरं तर तेव्हाच काळजी करावी. संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात उलटंच दिसलं होतं: ज्या टीममध्ये मोकळेपणा असतो तिथे चुका जास्त नोंदल्या जातात, कारण लोक लपवत नाहीत.

डेव्हिएशन आलं की पहिला प्रश्न ‘कोणी केलं?’ असला तर पुढच्या वेळी ऑपरेटर फॉइलचा तुकडा खिशात घालेल आणि बॅच रेकॉर्डमधल्या वेळा शेवटी बसून जुळवेल. आधी ‘मशीन तेव्हा कुठल्या स्थितीत होतं?’ विचारा. कारणाच्या रकान्यात ‘मानवी चूक’ आणि उपायात ‘पुन्हा प्रशिक्षण’ असं तीनदा आलं तर दोष माणसात नाही, कामाच्या मांडणीत शोधा. पाळी बदलताना पंधरा मिनिटं दोन्ही ऑपरेटर मशीनपाशी हवेत: चालू बॅच, स्पीड, कितीदा आणि का थांबलं, काय बाकी आहे. कॅन्टीनमध्ये तोंडी दिलेला चार्ज (पाळीचा ताबा) म्हणजे न दिलेलाच.

पाटो_एचआर:
चार अक्षरांत माणूस बसवणाऱ्या एमबीटीआयसारख्या व्यक्तिमत्त्व चाचण्या भरतीला वापरू नका. काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. निकाल ‘अगदी माझंच वर्णन’ वाटतो, त्यात नवल नाही. 1948 मध्ये मानसशास्त्रज्ञ फोरर यांनी सगळ्या विद्यार्थ्यांना एकच वर्णन दिलं आणि त्याला सरासरी पाचपैकी चारच्या वर गुण मिळाले. स्वभावाचे पाच पैलू मोजणाऱ्या ‘बिग फाइव्ह’ प्रारूपातला काटेकोरपणा मात्र बहुतेक कामांत थोडाफार उपयोगी सूचक ठरतो. त्याहून सोपं म्हणजे मुलाखतीत सर्व उमेदवारांना तेच सहा प्रश्न, त्याच क्रमाने. गुण प्रत्येकाने आधी लिहायचे, चर्चा नंतर. नाहीतर मोठे साहेब बोलले की बाकीचे गुण तिकडेच सरकतात.

रोस्टर_वाली:
मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग यांनी 1959 मध्येच मांडलं होतं की पगार, मेस, बस नीट नसली तर माणूस नाराज होतो, पण नीट असली म्हणून झटून काम करतोच असं नाही. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर शंका घेतल्या आहेत, तरी गोव्यात बसचा मुद्दा सोडू नका. दुसरी पाळी अकराला सुटते आणि तेव्हा बाहेर बस मिळत नाही. साडेदहापासून घड्याळाकडे बघणाऱ्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही.

चवथीला (गणेश चतुर्थीला) ख्रिस्ती सहकारी आणि नाताळला हिंदू सहकारी ड्युटी करतात, ही अदलाबदल छान चालते. मात्र हॉटेलात ती बरोबरीची नसते. चवथ पावसाळ्यात, हॉटेल रिकामं, रजा सहज मिळते. नाताळ ऐन गर्दीत येतो आणि रजाच बंद होतात. निदान 24 डिसेंबरला मिडनाइट मासला (चर्चमधल्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला) जाणाऱ्यांची पाळी रात्री आठला सुटेल असं ऑगस्टमध्येच रोस्टरवर लिहून टाका. डिसेंबरात मागायला लावलंत तर ते उपकार वाटतात.

गोदीकर_वास्को:
सर्वांत चांगल्या वेल्डरला फोरमन केलं की बहुतेक वेळा वेल्डर जातो आणि फोरमनही मिळत नाही. जोड बिघडला की तो स्वतःच टॉर्च उचलतो, शिकाऊ बाजूला उभा. बढतीआधी दोन महिने त्याला दोन शिकाऊ द्या आणि त्यांचे जोड तपासा, त्याचे नव्हे.

कळंगुट_हाऊसकीपिंग:
@गोदीकर, शेफच्या बाबतीतही हेच. रोस्टरताईंना एक विचारायचं होतं: आठला सुटणाऱ्यांच्या जागी कोण? टर्नडाऊन सर्व्हिस (रूममध्ये रात्रीसाठी बिछाना लावून देणं) त्याच वेळेला असते.

रोस्टर_वाली:
त्या दिवशी टर्नडाऊन साडेपाचला सुरू करा. पाहुणे तेव्हा बीचवर असतात.