आत्मपरीक्षण, आत्मनिरीक्षण की आत्मचिंतन?

प्रश्न : संध्याकाळी शांत बसायचं, दिवसभरातलं आपलं बोलणं-वागणं आठवायचं आणि भान कुठे सुटलं ते पाहायचं, अशी साधना आमच्या गटातले काही जण करतात. आमच्या पत्रकात तिला ‘आत्मपरीक्षण’ म्हटलंय. एक ताई ‘आत्मनिरीक्षण’ सुचवतात, एक काका ‘आत्मचिंतन’वर ठाम आहेत. तिन्हींचा अर्थ एकच का? जुन्या मराठीत यासाठी काही शब्द आहे का?

प्रतिसाद : अर्थ एकच नाही, आणि साधनेच्या बाबतीत हा फरक चांगलाच जाणवतो.

‘आत्मचिंतन’ आधी बाजूला ठेवू. वेदान्ताच्या वाचकाला त्यातला ‘आत्म’ म्हणजे आत्मतत्त्व वाटणार. सकाळी शेजाऱ्याशी कसं बोललो याचा विचार त्या शब्दात सहसा बसत नाही. काकांना हवा असलेला अर्थ अलीकडच्या वापरात आहे, पण घोटाळा होतोच.

‘आत्मपरीक्षण’ वर्तमानपत्रांनी झिजवलाय. ‘पराभवानंतर पक्षाने आत्मपरीक्षण करावे’ हे आपण दर निवडणुकीनंतर वाचतो. जिंकलेल्याला तसं कुणी सुचवत नाही. म्हणजे हा शब्द अपयशाला चिकटला आहे, शिवाय परीक्षा म्हटली की निकाल आलाच. ‘स्वतःची झाडाझडती’ त्याहून कडक. रोजच्या बैठकीला असा शब्द दिला की माणूस दोन-चार दिवसांत बसायचं टाळू लागतो, कारण रोज संध्याकाळी स्वतःला नापास करून घ्यायला कुणाला आवडेल?

निरीक्षणात नुसतं बघणं आहे. समजा, जेवताना मुलीने काही विचारलं आणि आपण फोनमधून मान वर न काढता ‘हं’ म्हणालो. परीक्षण म्हणेल, लक्ष दिलं नाहीस, वाईट केलंस. निरीक्षण त्या क्षणापाशी थांबेल. तेव्हा मनात काय चाललं होतं? ऑफिसातला एक मेसेज खुपत होता. मुलीचा आवाज आला तेव्हा आधी चीड आली, ‘हं’ त्यानंतर निघालं. एवढं नीट दिसलं की उद्या ती चीड उठतानाच ओळखू येते. ‘भानावर येणे’ म्हणतो ते हेच. ‘जाणीवपूर्वक जगणे’ या जडशीळ शब्दप्रयोगापेक्षा मला ते फार जवळचं वाटतं.

मात्र निकाल टाळायचा म्हणजे चूक झाकायची, असं नव्हे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने क्रोधावर लिहिताना आपली रीत सांगितली आहे. दिवा नेला, बायको गप्प झाली की तो सगळा दिवस तपासायचा, स्वतःपासून काही लपवायचा नाही. त्याची भाषा चक्क कोर्टातली आहे, स्वतःसमोर स्वतःचीच बाजू मांडण्याची. अमक्याला गरजेपेक्षा जास्त परखड बोललास, त्यामुळे तो सुधारला नाही, दुखावला, असं तो स्वतःला सुनावतो. पण शेवट काय? पुन्हा असं करू नकोस, या वेळी तुला क्षमा करतो.

आपल्याकडे सायंसंध्येतल्या आचमनाच्या मंत्रात ‘यदह्ना पापमकार्षम्’ येतं. दिवसा मनाने, वाणीने, हातांनी, पायांनी जे पाप केलं ते जावो. सकाळच्या संध्येत याच जागी ‘यद्रात्र्या’ असतं, म्हणजे रात्रीचं. एकाच वाक्यातले मोजके शब्द बदलून दिवसाचा हिशेब दिवसाला आणि रात्रीचा रात्रीला मिटवायची सोय केली आहे. कितीतरी जण हे रोज म्हणतात, पण अर्थाशी थांबणारे थोडे.

प्रतिसाद : यात ‘प्रतिक्रमण’ कसं राहिलं? आम्ही श्वेतांबर जैन, आणि घडलेले दोष आठवून त्यांची क्षमा मागण्याचा आमचा हा विधी. आमच्या आजी रोज सूर्यास्ताच्या सुमारास कटासणं (बसायचं आसन) टाकून, मुहपत्ती (तोंडापुढे धरायचं वस्त्र) घेऊन बसायच्या. दिवसाचं ते देवसी, रात्रीचं राई. मग पंधरवड्याचं, चार महिन्यांचं आणि वर्षाचं सांवत्सरिक. ‘मिच्छा मि दुक्कडं’ लोकांना पर्युषणातल्या शुभेच्छांमुळे माहीत झालं, पण ते मुळात प्रतिक्रमणातलं आहे. माझं दुष्कृत मिथ्या होवो, असा अर्थ.

प्रतिसाद : बरं झालं आठवण दिलीत. शब्द प्रति + क्रमण, म्हणजे मागे फिरणं. आपण आपल्या जागेवरून बाहेर गेलो होतो, परत आलो. निरीक्षणात हे परतणं नाही, म्हणून तो शब्द मला पुरा वाटत नाही.

प्रतिक्रमणाची दुसरी खुबी म्हणजे चुकांची यादी आधीच ठरलेली आहे. अहिंसेच्या व्रताचेच पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, पाहा : बांधणं, मारणं, अवयव छेदणं, जास्त भार लादणं, अन्नपाणी तोडणं. आपल्याच मनावर सोडलं तर ते सोयीच्या चुका आठवतं. यादी समोर असली की ‘जास्त भार लादणं’पाशी बैलांऐवजी घरकामाच्या मावशी आठवतात. तरीही पंधरा मिनिटांच्या साध्या बैठकीला प्रतिक्रमण म्हणू नये. त्यामागे सूत्रं आहेत, कायोत्सर्ग (देहाचं भान सोडून निश्चल राहणं) आहे, ठरलेला विधी आहे. ते नाव त्या विधीलाच राहू द्यावं.

जुन्या मराठी शब्दाबद्दल विचारलंत, तर माझ्या मते तो ‘अनुताप’, केल्या चुकीची मनाला लागलेली खंत. तुकोबा म्हणतात, ‘हेंचि प्रायश्चित्त । अनुतापीं न्हाय चित्त’. आज आपण सगळीकडे पश्चात्ताप वापरतो, आणि तो मोठ्या चुकीनंतर एकदाच होतो. अनुतापात चित्ताने न्हायचं आहे, आणि अंघोळ रोजची असते. बैठकीला ‘आत्मनिरीक्षण’ म्हणा आणि त्यातून जे यावं त्याला ‘अनुताप’.

प्रश्न : मग ‘संध्याकाळचं’ म्हणायचं की ‘झोपण्यापूर्वीचं’? आमच्यातले बरेच जण अंथरुणावर पडूनच करतात.

प्रतिसाद : दोन्हींना परंपरा आहे. पायथागोरसच्या अनुयायांच्या सुवर्णवचनांत झोप येऊ देण्यापूर्वी दिवसाची कृत्यं तीनदा तपासायला सांगितलं आहे : कुठे चुकलो, काय केलं, काय करायचं राहिलं. संध्या आणि देवसी मात्र तिन्हीसांजेच्या. मी दिवेलागणीच्या बाजूने आहे. अंथरुणावर निम्म्यातच डोळा लागतो, हे एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दिवेलागणीला घरातली माणसं जागी असतात. कुणाला दुखावलंय हे ध्यानात आलं तर उठून त्याच्याशी त्याच दिवशी बोलता येतं.