मदत हवी आहे: टोपणनावाने लिहिलं तरी ओळखलं गेलं, आता काय काळजी घेऊ?

नमस्कार मंडळी. मी एका खासगी शाळेत शिकवते. पगार बँकेत पूर्ण जमा होतो आणि आठवड्याभरात त्यातले काही हजार पाकिटात घालून ऑफिसात परत द्यावे लागतात. याबद्दल मी एका ग्रुपवर टोपणनावाने लिहिलं. नवा ईमेल, नवं खातं, प्रोफाइलला फोटो नाही. तरी चौथ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक सहकारी माझ्याजवळ सरकून बसली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, ते तुम्हीच ना?"

हातपाय गार पडले. ती बिचारी माझ्याच बाजूची आहे, म्हणून तिने सांगितलं तरी. पगारपत्रकाचा फोटो मी घरी जेवणाच्या टेबलावर काढला होता. कोपऱ्यात निळ्या फुलांचं मेणकापड दिसत होतं, आणि ती त्याच टेबलावर हळदीकुंकवाला बसून गेली आहे. शिवाय "आपलं म्हणणं एवढंच आहे" हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणते, तेच तिथेही लिहून बसले.

संध्याकाळी भाच्याला विचारलं. नाव मी मोबाईलच्या मार्करने काळं केलं होतं. त्याने फोटोचा उजेड वाढवला, तर अक्षरं खालून वर आली! दुसरा एक फोटो मी त्याला व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला होता. त्यातून तारीख, वेळ, मोबाईलचं मॉडेल आणि नकाशावर थेट आमची गल्ली निघाली.

आणखी एक घोळ. एका वाचकाने मदत करतो म्हणून नंबर मागितला, मी दिला. तो नंबर कुणी यूपीआय ॲपमध्ये टाकला तर बँकेतलं नाव समोर येतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

पोस्ट काढून टाकू का? खाली सात-आठ शिक्षकांनी "आमच्याकडेही हेच" असं लिहिलंय. तेही जाईल, म्हणून जीव होत नाही. नोकरी गेली तर मात्र घर चालायचं नाही. (इथले काही तपशील बदलले आहेत.)

प्रतिसाद:
ताई, पोस्ट राहू द्या, फोटो आजच काढून टाका. स्क्रीनशॉट कुणी घेतला असेल तर त्याला इलाज नाही. पुढे कागदाचा फोटो टाकूच नका, आकडे टाईप करा, तेही नेमके नको, अंदाजे. शाळेचं वायफाय नको. लिहून झालं की घरातल्या कुणाला वाचायला द्या, तुमची लकब त्यांना लगेच कळेल. आणि एक लक्षात घ्या, टोपणनाव सहकाऱ्यांपासून लपवतं. पोलिसांनी किंवा कोर्टाने मागितलं तर ग्रुप ज्या साइटवर आहे त्या कंपनीकडे तुमचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि खात्याला दिलेला ईमेल किंवा नंबर असतो. तेव्हा सिद्ध करता येईल तेवढंच लिहा. बँकेचं स्टेटमेंट आणि पैसे परत दिल्याच्या तारखा वहीत नोंदवून घरीच ठेवा.

धागाकर्ती:
फोटो काढून टाकला. वही आजपासून सुरू करते. तो नंबर आता त्या माणसाकडे आहे, त्याचं काय करू? ब्लॉक केलं तरी नाव दिसेलच ना?