गाडीवर ठिपके पाडतंय कोण?

ओसरीवरून:
काल आमच्या पार्किंगमध्ये सभा भरली होती. बी विंगमधल्या काकांच्या पांढऱ्या गाडीवर पिवळे ठिपके, मोहरीएवढे, थोडे लांबट, बॉनेटपासून डिकीपर्यंत. काकांचं ठाम मत, वरून कुणीतरी हळदीचं पाणी फेकतंय. सेक्रेटरी, वॉचमन, दोन ड्रायव्हर, सगळे माना वर करून एकेक गॅलरी तपासत उभे. मला हसू आवरेना, कारण बाबांची फियाट आठवली.

नाशिकला घराशेजारी रायवळ आंबा होता आणि त्याखाली बाबांची क्रीम रंगाची पद्मिनी. दर वर्षी संक्रांत झाली की सकाळी टपावर बारीक बारीक चिकट थेंब. दुपारपर्यंत त्यावर धूळ बसून काळे. बाबांनी एकदा थेंब बोटाने चाटून पाहिला (आईने कपाळाला हात लावला). गोड! झालं, शेजारचा बंड्या आरोपी, कारण तो कायम बर्फाचा गोळा चोखत कुंपणावर बसलेला. त्याच्या वडिलांशी बोलणं बंद. दोन वर्षं!! मग मामा आला, तो शेतकी खात्यात. गाडीकडे त्याने बघितलंच नाही, वर मोहोराकडे बघितलं. म्हणाला, "भाऊजी, तुडतुडे आहेत. मोहोराचा रस पितात आणि जास्तीची साखर मागून सोडतात. तुम्ही चाखलंत ते तेच." बाबांनी त्या दिवशी चहासुद्धा बिनसाखरेचा घेतला.

तर असे कोड्यातले ठिपके तुमच्या गाडीवर पडलेत का? कशाचे निघाले, कसे काढले, संशय कुणावर घेतला, सगळं लिहा. काकांचा तपास अजून चालूच आहे.

पाणकोंबडा:
"तुम्ही चाखलंत ते तेच" 😂😂 मेलो

रानवाटा:
काकांना सांगा, मधमाश्यांची शी आहे ती. बाराव्या-पंधराव्या मजल्याच्या छज्जाखाली आग्या मोहोळ असणार. आग्या माश्या झुंडीने बाहेर पडतात आणि उडता उडता मोकळ्या होतात, म्हणून ठिपके लांबट. पिवळा रंग परागकणांचा.
आणि काकांनी लाजू नये. १९८१ साली अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सोव्हिएत रशियावर जाहीर आरोप केला होता की आग्नेय आशियात विषारी अस्त्र वापरतायत. 'पिवळा पाऊस' म्हणायचे त्याला. हार्वर्डच्या मॅथ्यू मेसेलसन या शास्त्रज्ञाने सांगितलं की त्या पिवळ्या ठिपक्यांतले परागकण म्हणजे माश्यांची शी, १९८४ मध्ये थायलंडला जाऊन माश्यांचा असा पाऊस स्वतः अंगावर घेतला. तिथे महासत्ता फसली, इथे बी विंग.
काढायला सोपं: ओला फडका दहा मिनिटं वर ठेवा, मग पुसा. सुकं घासू नका, परागकण म्हणजे बारीक वाळूच समजा.

ओसरीवरून:
रानवाटा, दंडवत! उद्या दुर्बीण घेऊन जाते.

लोकलकर:
माझी पांढरी हॅचबॅक, पार्किंगला रेल्वेचे रूळ अगदी लागून. सहा महिन्यांत पूर्ण गाडीवर नारिंगी-तपकिरी टिंब. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला पत्र्याला आतून गंज, अख्खी गाडी रंगवा. आकडा ऐकून मी तिथेच खाली बसलो. नवीन गाडीला आतून गंज कसा हो?
मित्राने सांगितलं, हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाल आणि धुतलेल्या बॉनेटवरून फिरव. फिरवली तर पॉलिश पेपर! नुसत्या हाताला काहीच कळत नव्हतं. ते लोखंडाचे कण, ट्रेनच्या चाकांचे, रुळांचे, ब्रेकचे. उडून रंगात रुततात आणि मग तो कण गंजतो, पत्रा नाही. आयर्न रिमूव्हर म्हणून फवारा मिळतो, मारला की दोन मिनिटांत जांभळे ओघळ येतात. गाडी रडतेय असं वाटतं. वास मात्र भयंकर, कुजकं अंडं. बायको म्हणाली पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या औषधाला असाच येतो. शोधलं तर रसायन एकाच कुळातलं निघालं! उरलेले कण क्ले बारने काढले. सावलीत करा, फवारा सुकू देऊ नका.

खारीबिस्कीट:
क्ले बार म्हणजे चिकणमाती का? गणपतीची शाडू उरलीये माळ्यावर.

लोकलकर:
अहो नाही!!! शाडू घासलीत तर गाडीचंच विसर्जन. ही वेगळी मिळते, साबणाच्या पाण्याने बुळबुळीत करून हलक्या हाताने फिरवायची. खाली पडली तर गोळा टाकून द्यायचा, खडा चिकटला की रेघोट्या.

खारीबिस्कीट:
बरं झालं विचारलं 😅

मिरगाचा पाऊस:
आमच्याकडे जूनमध्ये जांभळाखाली. पुढचं लिहायची गरज नाही.

चिमणचारा:
फोनवरून लिहितेय, कुकर लावलाय. आमच्या सासऱ्यांनी नव्या गाडीवरची कावळ्याची शी काढली. कशाने? तारेच्या घासणीने. वर पितळेची भांडी घासायची पावडर. डाग गेला म्हणून इतके खूश की आम्हाला हाका मारून बोलावलं. बॉनेटवर ताटलीएवढं मळकट वर्तुळ, ऊन पडलं की अजून चमकतं. नवरा दोन दिवस काही बोलला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला "बाबा, छान स्वच्छ झालंय." शिट्टी झाली, येते नंतर.

पाणकोंबडा:
चिमणचारा, नवऱ्याला नमस्कार सांगा.

तळघर:
माझं दुखणं वेगळं. आमचं पार्किंग पोडियमखाली, वर बिल्डरने बाग केलीये. स्लॅबमधून पाणी झिरपतं, थेंब थेंब, बरोबर माझ्या टपावर. पांढरे टणक थेंब, नख लावलं तर नख मोडेल. मला वाटलं कबुतरं. महिनाभर कबुतरांवर डूख धरून होतो, जाळी लावली, पदरचे पैसे घातले. मग एकदा रात्री उशिरा आलो, इंजिन बंद केलं आणि शांततेत टप्.. टप्.. आवाज आला. पाणी स्लॅबमधला चुना सोबत घेऊन येतं, सुकलं की दगड.
उपाय: व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, त्यात भिजवलेला कापूस थेंबावर पाच मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. ताजे निघाले. जुन्यांनी रंग खाल्लाय, तिथे बशीसारखे खळगे राहिले. पॉलिशवाला म्हणतो वरचा पारदर्शक थर केसापेक्षा पातळ असतो, किती घासणार? बिल्डर म्हणतो गाडी जरा बाजूला लावा. कुठे बाजूला, शेजाऱ्याच्या टपावर?

मुक्काम फ्लोरिडा:
इकडे मे आणि सप्टेंबरमध्ये लव्हबग्ज नावाचे किडे. जोडीने उडतात, जोडीने मरतात, तेही माझ्या बंपरवर. उन्हात एक-दोन दिवस राहिले की रंगावर कायमचा ठसा. आई आली होती तेव्हा म्हणाली, "मेल्यांना लग्नाला दुसरी जागा नाही मिळाली?"

माणदेशी:
बोअरच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांनी हात वर करा. पांढरी वर्तुळं पडतात ना, तो क्षारच. मी पण उन्हात धुवायचो, काळी गाडी, सुकली की देवी आल्यागत दिसायची. आता सूर्य उगवायच्या आत धुतो नि लगेच पुसतो. एवढंच.

गियरबदलू:
ओसरीवरून, फियाटचा गियर स्टिअरिंगला होता का तुमच्या? आमच्या काकांची होती, तिसरा टाकताना बाजूला बसलेल्याला कोपर लागायचंच. मला मारुतीत बसल्यावर पहिल्यांदा कळलं की प्रवासात मार खायचा नसतो.

चिमणचारा:
आले. वरण जरा लागलं. रायवळ आंबा म्हणालात, लोणच्याचा होता का? आंबटगोड की आंबट?

ओसरीवरून:
गियरबदलू, हो, स्टिअरिंगलाच! कोपर माझ्या वाट्याला.
चिमणचारा, कच्च आंबट. बरणीत वर्षभर करकरीत राहायचा. झाड आता नाही, तिथे जिना आहे.

आता अपडेट. मोहोळ सापडलं, चौदाव्या मजल्याच्या छज्जाला, चांगलं परातीएवढं. काकांनी दुर्बिणीतून बघितलं आणि लगेच "धूर करा, जाळा" सुरू केलं.

रानवाटा:
जाळू देऊ नका हो, प्लीज. चवताळल्या तर खालच्या मुलांना डसतील. फुलोरा संपला की त्या बहुतेक स्वतःच जागा सोडतात. फारच त्रास असेल तर मोहोळ न मारता हलवणारी माणसं असतात, त्यांना बोलवा.

ओसरीवरून:
तेच समजावलं. काका ऐकेनात, मग मी त्यांना पिवळ्या पावसाची गोष्ट सांगितली. रशिया म्हटल्यावर एकदम सावरून बसले. दोन वेळा ऐकली, आता लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतायत, माझं नाव न घेता. जाळणं रद्द. मोहोळ जाईपर्यंत कुणीतरी पार्किंग बदलून द्या म्हणाले आणि सगळे मोबाईल बघायला लागले.

लोकलकर:
मग दिली कुणी?

ओसरीवरून:
मी. माझीही पांढरीच आहे.

चिमणचारा:
ओला फडका दहा मिनिटं ठेवा हं. आणि सासऱ्यांना पाठवू का?