खंडणी मिळाली होती, मग अलारिकने रोम का लुटलं?

लष्करवासी (ग्वाल्हेर): इथल्या वाचनमंडळात गॉथ सरदार अलारिकवर बोलायचं आहे. ४०८ मध्ये त्याने रोमला वेढा घालून भरपूर खंडणी उकळली. तरी ४१० मध्ये शहर लुटलं, ते का? आणि त्याला रानटी टोळीवाला म्हणावं का?

मुरारकर: टोळीवाला नको. तो रोमच्याच चाकरीतला सरदार. ३९४ मध्ये फ्रिगिडस नदीवरच्या लढाईत रोमन सम्राट थिओडोसियससाठी त्याचे गॉथ आघाडीला होते, हजारोंनी कापले गेले. मनासारखं पद मिळालं नाही. पुढच्याच वर्षी थिओडोसियस वारला आणि अलारिकने बंड केलं. पदाचा हट्ट मानासाठीच नव्हता. सेनापतिपद असलं की सरकारी कोठारातून धान्य आणि शस्त्रं मिळत. बायकापोरं सोबत घेऊन फिरणाऱ्या फौजेला सोनं खाता येत नाही. ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना महादजींचा दाखला द्या: फौज स्वतःची, तरी कारभार बादशहाच्या सनदेवर. शाह आलमने सनद दिली, थिओडोसियसचा मुलगा, पश्चिमेचा सम्राट होनोरियस याने दिली नाही.

रसदवाला: खंडणीची यादी भाषणात वाचाच: ५,००० पौंड सोनं, ३०,००० पौंड चांदी, ४,००० रेशमी अंगरखे, ३,००० किरमिजी कातडी, ३,००० पौंड मिरी. रोमन पौंड सुमारे ३२७ ग्रॅमचा, म्हणजे मिरीच जवळजवळ ९८० किलो, आणि ती आपल्या मलबारकडची! पण एवढ्याने प्रश्न सुटला नाही. ४०९ च्या बोलण्यांत त्याने आधी प्रांत, दरसालचं सोनं आणि धान्य मागितलं. मग उतरत उतरत फक्त नॉरिकम हा एक प्रांत आणि सम्राटाला योग्य वाटेल तेवढं धान्य. सोनं सोडूनच दिलं. होनोरियस आपल्या राजधानीत, राव्हेन्नाच्या दलदलीआड सुरक्षित, त्याने तेही नाकारलं.

तट चढून रोम घेणं गॉथांच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून शहराची रसद तोडायची: ४०८ मध्ये टायबर नदीची वाट अडवली, ४०९ मध्ये रोमच्या बंदराची, पोर्टसची, धान्यकोठारं घेतली. मग सिनेटकडून अ‍ॅटलस या रोमन सरदाराला होनोरियसविरुद्ध सम्राट करवलं. इथे डाव फसला, कारण आफ्रिकेचा गहू होनोरियसचा तिथला सेनापती हेराक्लियन याच्या हाती होता आणि त्याने तो थांबवला. ४१० मध्ये अ‍ॅटलसला उतरवून पुन्हा बोलणी ठरली, तेवढ्यात रोमच्या चाकरीतल्या सारस या गॉथानेच अलारिकवर हल्ला केला. त्यानंतर २४ ऑगस्टला सलारियन दरवाजातून गॉथ आत शिरले.

लष्करवासी: म्हणजे लूट हा बोलणी फिसकटल्याचा परिणाम. पण तीन दिवसांच्या लुटीने धान्य मिळालं?

रसदवाला: नाही. म्हणून तर तो आफ्रिकेकडे जायला दक्षिणेला निघाला. वादळात जहाजं गेली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कोसेन्झाजवळ तो वारला. धान्य मिळालं ते ४१६ मध्ये गॉथांचा पुढचा राजा वालिया याला, ६ लाख मोदियस (रोमन धान्यमाप), साधारण चार हजार टन. बदल्यात त्याने होनोरियसची बहीण गाला प्लॅसिडिया परत केली. तिला रोमहून धरून नेलं होतं ते अलारिकच्या काळात.