सह्याद्रीत एफ/२.८ चे झूम कशाला वाहायचे? एफ/४ पुरे!

घसारावाला
पावसाळा तोंडावर आला की 'ट्रेकला कुठल्या लेन्स नेऊ?' हा प्रश्न येतोच, आणि जाणकारांचं उत्तरही ठरलेलं: १६-३५, २४-७०, ७०-२०० एमएमचे झूम (हा आकडा लहान तितकं दृश्य रुंद), तिन्ही एफ/२.८ (लेन्सचं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं, प्रकाश जास्त). माझं मत उलटं आहे. डोंगरात निसर्गचित्रं काढायला जाणाऱ्याने हे तिन्ही झूम घरी ठेवावेत.

सोनीचा हिशोब मांडतो, कारण माझ्याकडे तीच बॉडी आहे. तिन्ही जीएम (सोनीची वरची श्रेणी), मार्क टू म्हणजे दुसरी आवृत्ती: ५४७, ६९५ आणि १०४५ ग्रॅम. झाले २२८७. त्याऐवजी २०-७० एफ/४ घ्या (४८८) आणि ७०-२०० एफ/४ मार्क टू (७९४). झाले १२८२. म्हणजे एक किलो वाचलं. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा चढताना त्या किलोत एक लिटर पाणी जास्त नेता येतं.

बरं, ते २.८ उघडता कधी? कड्यावरून दरी घेताना सगळे एफ/८ ला असतात. तिथे दोन्ही लेन्सचे फोटो शेजारी ठेवतो, ओळखून दाखवा. शिवाय २४ ऐवजी २० पासून सुरुवात होते. इंद्रधनुष्याची पूर्ण कमान ८४ अंश पसरते. आडव्या फ्रेममध्ये २४ एमएमला ७४ अंशच मावतात, २० ला जेमतेम ८४. दोन्ही लेन्सना फिल्टरही ७२ एमएमचाच, एकाच पोलरायझरवर (चमक कापणारा फिल्टर) भागतं.

रातकिडा
साफ असहमत. तुम्ही ऊन उतरलं की गड उतरणारे दिसता! आम्ही मुक्कामाला जातो ते आकाशगंगेसाठी. तिथे एफ/४ म्हणजे २.८ च्या निम्मा प्रकाश. एक्स्पोजर वाढवून भागत नाही, कारण २० एमएमला २५ सेकंदांच्या पुढे गेलात की ताऱ्यांच्या रेघा होतात. मग आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) दुप्पट, आणि अंधारातल्या कातळात नुसता ठिपक्यांचा कचरा.

सुळका
इंद्रधनुष्याचं गणित बरोबर आहे, फक्त कोकणकड्यावरच्या इंद्रवज्राला (खालच्या धुक्यावर आपल्या सावलीभोवती दिसणारं गोल रंगीत कडं) ते लावू नका. १८३५ साली कर्नल साइक्सला तिथे दिसलं म्हणतात ते हेच. त्याचं वर्तुळ मध्यापासून साधारण ५ ते २० अंशांतच संपतं. वाइड (रुंद कोनाची लेन्स) लावून बसलात तर फ्रेमभर धुकं आणि मधे इवलंसं रंगीत कडं. ५० च्या आसपासची लेन्स हवी.

खरं तर वाइडचं हे वेडच मला कळत नाही. आपल्याकडच्या डोंगरांची गंमत एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगांत आहे. कळसूबाईच्या माथ्यावरून १६ एमएमने काढा, सगळी रांग एका रेघेएवढी होते. तेच १५० ला बघा! मला विचाराल तर ७०-२०० एफ/४ एकटीच न्यावी, ७० च्या खाली फोन आहेच.

ओलीचिंब
सगळे ग्रॅम मोजताहेत, लेन्स बदलण्याबद्दल कुणी बोलत नाही. जुलैत घाटमाथ्यावर वारा पाऊस आडवा मारत असताना बॉडी उघडायची? सेन्सरवर एक थेंब गेला की ट्रेक तिथेच संपला. दोन हलक्या लेन्सपेक्षा एक जरा जड पण सगळं करणारी बरी. मी निकॉनची २४-१२० एफ/४ वापरते, ६३० ग्रॅम. दिवसभर काढतच नाही.

आणि हलकेपणाच्या नादात सीलिंग (पाणी-धूळ अडवणारं रबर) सोडू नका. बाहेर येणारे झूम मागेपुढे करताना दमट हवा आत घेतातच. घरी आल्यावर लेन्स ओल्या सॅकमध्ये तशीच राहिली तर काचेवर बुरशी ठरलेली. कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. वजनाचा वाद नंतर घालू.

क्रॉपवाला
फुल फ्रेम (मोठा सेन्सर) सोडा की राव, लहान सेन्सरचा क्रॉप कॅमेरा घ्या! सिग्माची १०-१८ आणि १८-५०, दोन्ही एफ/२.८, मिळून साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. बॉडीही लहान. रातकिड्याचे तारेही झाले.

ओलीचिंब
@क्रॉपवाला, त्या दोन्हींना रबर फक्त माउंटपाशी (लेन्स बॉडीला बसते तिथे) आहे. ऑक्टोबरनंतर खुशाल न्या.

रातकिडा
आणि क्रॉपवर २.८ म्हणजे फुल फ्रेमच्या २.८ इतका स्वच्छ फोटो नव्हे. सेन्सरच लहान, एकूण प्रकाश निम्म्याहून कमी.

खिसाहलका
धागा वाचून घाम फुटला. धागाकर्ते, तुम्ही 'हलक्या' म्हणताय त्या दोन लेन्स मिळून दोन लाखांच्या पुढे जातात. माझ्याकडे कॅननची जुनी डीएसएलआर आणि १०-१८ एसटीएम. २४० ग्रॅम, माउंटसकट प्लास्टिक, शिवाय हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर. एफ/४.५ ला सुरू होते, पण मी तरी कुठे उघडी ठेवतो? ट्रायपॉड लावायचा, एफ/८ करायचं, धबधबा दुधासारखा. वजन कमी करायला पैसे मोजायचे हा श्रीमंतांचा छंद आहे.

घसारावाला
@खिसाहलका, मान्य, आणि तुमची लेन्स माझ्याच बाजूने साक्ष देतेय! छोटं भोक, हलकी काच, ट्रायपॉड.

@सुळका, फोनवर भिस्त ठेवणं पटत नाही. संधणच्या अरुंद दरीत उभं राहून ७०-२०० ने काय काढणार, समोरच्या भिंतीवरचं शेवाळ? मात्र कासच्या फुलांच्या पठारावर ती कामाची. पायवाट सोडून आत जायचं नाही, आणि सीतेची आसवं ही फुलं केवढीशी. ही नवी एफ/४ फूल सेन्सरवर निम्म्या आकारात येईल इतकी जवळ जाते, वेगळी मॅक्रो (अगदी जवळून काढायची) लेन्स लागत नाही.

@ओलीचिंब, पावसात एकच लेन्स, कबूल. पण मग २०-७० लावून ठेवेन. पावसाळी ढगात १२० ला दिसतं काय?

@रातकिडा, ताऱ्यांसाठी २.८ चा झूम तरी का? २० एमएम एफ/१.८ न्या. ३७३ ग्रॅम, आणि प्रकाश २.८ च्या दुपटीहून जास्त.

ओलीचिंब
ढग दोन मिनिटं फाटतो तेव्हा समोरच्या बुरुजावरची माणसं दिसतात. त्या दोन मिनिटांसाठीच जाते मी.

रातकिडा
@घसारावाला, १.८ चा मुद्दा घेतला, लेन्स चांगलीच आहे. पण हिशोब पुन्हा करा. तुमचं वाचलेलं किलो सव्वासहाशे ग्रॅमवर आलं, तिच्या तोंडाला ६७ चा फिल्टर लागतो म्हणजे एका पोलरायझरची गोष्टही गेली. आणि लेन्स तीन होत्या, त्या तीनच राहिल्या.