संपाचे दिवस आणि पेन्शन : तुमच्या घरचे अनुभव लिहा

सुमेधा_क
काल माळा आवरताना बाबांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी संघटनेच्या वर्गणीची पावती. १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप डोळ्यांसमोर आला. मागणी केंद्राइतक्या महागाई भत्त्याची. बाबा तहसीलमध्ये कारकून, मी चौथीत. रोज दहाला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते मंडपात जायचे. आई डबा द्यायची. डब्यातल्या पोळ्या जाऊन भाकरी आली, एवढंच. आज आईचा दवाखाना त्यांच्याच पेन्शनीवर चालतो. माझी मुलगी २०१४ पासून जि.प. शाळेत, तिला एनपीएस, म्हणजे पगारातून कापून बाजारात गुंतवायची नवी पेन्शन. तुमच्या घरचं सांगा.

गोदाकाठ
मार्च २०२३ चा संप! 'एकच मिशन, जुनी पेन्शन', म्हणजे बाबांसारखी, शेवटच्या पगारावर ठरणारी. बारावीचे पेपर चालू होते. मुलांना सोडून मोर्चात जाववेना, काळी फीत लावून वर्गावर उभी राहिले. मैत्रीण महिनाभर बोलली नाही.

कांदेवाला
त्याच आठवड्यात अवकाळी. कांदा पाण्यात अन् तलाठी संपावर. पंचनामा कोण करणार? तुमचं मागणं खरं असेल, पण आम्ही बांधावर वाट बघत बसलो.

गोदाकाठ
खरंय दादा. वाईट वाटलं. निफाडकडचे का?

कांदेवाला
सिन्नर. यंदा माल बरा आहे.

वैदर्भी
आमच्याकडे सगळं मतदानात दिसलं. डिसेंबर २०२२ ला अधिवेशनात फडणवीस म्हणाले, जुनी पेन्शन देणार नाही, १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल. फेब्रुवारीत नागपूर शिक्षक मतदारसंघात भाजपच्या पाठिंब्याचा उमेदवार पडला. मग सरकारची भाषा बदलली. स्टाफरूममध्ये दुसरा विषयच नव्हता. पोळ्या लाटायच्यात, बाकी रात्री लिहिते.

मीनल७४
मिस्टर २०१६ ला सेवेत असताना गेले. लागले २००६ ला, म्हणजे डीसीपीएस (एनपीएसच्या आधीची, पगारातून वर्गणी कापायची योजना). पेन्शन नाही. जमा रकमेसाठी दोन वर्षं फेऱ्या, दर वेळी नवा कागद. संप मिटल्यावर ३१ मार्च २०२३ ला कुटुंब निवृत्तिवेतनाचा जीआर (शासन निर्णय) निघाला. प्रिंट काढून देवापुढे ठेवली. अर्ज केलाय, फाइल अडकलीये.

राजाभाऊ
ताई, धीर धरा. आमचं नशीब जाहिरातीच्या तारखेनं उघडलं. जाहिरात जून २००५ ची, रुजू मे २००६ ला. १ नोव्हेंबर २००५ ची रेघ मधे आली, त्या दिवसापासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. फेब्रुवारी २०२४ च्या जीआरनं आम्हाला जुनीचा पर्याय मिळाला. माझ्यानंतरच्या जाहिरातीत लागलेला मित्र शेजारच्याच टेबलावर बसतो, त्याला नाही.

शिल्पा_म
सासरे खासगी कारखान्यातून निवृत्त. ईपीएसचे (पीएफ खात्याची पेन्शन) महिन्याला १,१४० रुपये. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० वरच आहे. त्यांच्यासाठी कोण मोर्चा काढणार? तुम्हाला मिळू नये असं नाही, आम्हालाही मिळावं.

सुमेधा_क
शिल्पा, अगदी बरोबर. मीनलताई, जिल्हा कोणता? मुलगी संघटनेत आहे, फाइल कुठल्या टेबलावर आहे ते ती बघेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.