मदत हवी आहे: भावाचं जर्मन नागरिकत्व आणि सासवडची शेतजमीन

नमस्कार मंडळी,

धाकटा भाऊ म्युनिकला असतो. तिथल्या नागरिकत्वासाठी तो आता पात्र झालाय. जर्मनीने २७ जून २०२४ पासून मूळ नागरिकत्व सोडायची अट काढून टाकली, त्यामुळे त्यांची हरकत नाही. अडतंय आपल्याकडे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं संपलं. पासपोर्ट जमा करा, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) काढा.

भाऊ म्हणतो, मत तसंही देता येत नाही, त्यासाठी स्वतः इथे यावं लागतं, मग बिघडलं कुठे? बाबांचा जीव मात्र सासवडजवळच्या अंजिराच्या बागेत अडकलाय. त्यात सोसायटीतल्या एका काकांनी पिल्लू सोडलं: "पासपोर्ट जायच्या आत बक्षीसपत्र करून टाका, नंतर सातबाऱ्यावर परदेशी माणसाचं नाव चढत नाही." झालं! तेव्हापासून कोथरूडच्या आमच्या घरात दर रविवारी फोनवर खडाजंगी, आणि बाबा तलाठ्याकडे जायला पिशवी भरून तयार.

ही घाई खरंच करायला हवी का? आणि ओसीआय झाल्यावर वारसनोंद होते का? जाणकारांनी कृपया सांगावं.

(दुहेरी नागरिकत्व द्यावं असं माझं स्वतःचं मत. हवं तर निवडणूक लढवायला, सैन्यात जायला बंदी घाला. पण सरसकट नाव कापायचं कशाला?)

पर्वतीचा पायथा: ताई, बाबांना पिशवी खाली ठेवायला सांगा. फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) नियमांनुसार ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत किंवा बक्षीस घेता येत नाही हे खरं, पण भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआयलाही तीच बंदी आहे. म्हणजे बक्षीसपत्र आजही चालणार नाही. वारसाहक्काने मात्र दोघांनाही जमीन मिळते. मृत्युपत्र करून रीतसर नोंदवून ठेवा. पुढे भावाला विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच विकावी लागेल, आणि आपल्याकडे शेतजमीन घेणारा सहसा शेतकरीच लागतो.

निवृत्त नाना: जमिनीचं ठीक. पण दोन पासपोर्टांना माझा विरोध. उद्या युद्ध झालं तर हा कुणाच्या बाजूने?

धागाकर्ती: नाना, तो दिवसभर गाड्यांचं सॉफ्टवेअर तपासतो, त्याला कुणीच लढायला बोलावणार नाही :) पण ज्याच्या हाती देशाची गुपितं आहेत त्याच्याबाबत तुमचा मुद्दा मान्य. म्हणूनच वर बंदीचं लिहिलंय.

पर्वतीकर, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. आता ते मृत्युपत्राच्या मागे लागलेत. घर पुण्यात, जमीन पुरंदर तालुक्यात, तर नोंदणी पुण्यात चालेल की सासवडलाच जावं लागेल?